मुलींच्या शर्यतीत कोणी धावायचे?

डिसेंबर २००६ मध्ये कतार देशातील दोहा शहरी आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या होत्या. मुलींच्या आठशे मीटर शर्यतीत तमिळनाडूच्या शांती सौंदरराजन हिने २ मिनिटे ३.१६ सेकंदांत अंतर कापले आणि भारताला रौप्यपदक मिळवून दिले. पुदुक्कोट्टै जिल्ह्यातील एका खेड्यातली ही मुलगी. आईबाप वीटभट्टीवर राबणारे. पदकाचा आनंद घरी पोहोचतो न पोहोचतो तोच तिची वैद्यकीय तपासणी झाली आणि स्त्रियांच्या गटात ही पात्र नाही असे ठरवून पदक काढून घेण्यात आले. जी गोष्ट डॉक्टर आणि ती मुलगी यांच्यातच राहायला हवी होती, ती वर्तमानपत्रांत छापून आली. २००७ मध्ये शांतीने जीव देण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ती वाचली.

वाचकहो, शांतीने काय गुन्हा केला होता? तिच्यावर औषध घेतल्याचा आरोप नव्हता. मुलाने मुलीचे सोंग घ्यावे, असलाही प्रकार नव्हता. जन्मली ती मुलगी म्हणून, वाढली मुलगी म्हणून आणि धावली तीही मुलगी म्हणूनच. मग बिनसले कोठे?

हा प्रश्न दूरच्या देशांचा, मोठ्या लोकांचा, असे म्हणून पान उलटू नका. आज आपल्याही गावच्या मुली धावत आहेत. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले. सातारा जिल्ह्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली. उद्या तुमची लेक त्या वाटेने जाईल, तेव्हा हा नियम तिच्यापुढे उभा राहणार आहे. तो काय आहे आणि कशासाठी आहे, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

गट वेगळे कशासाठी?

जत्रेतील कुस्त्या आठवा. पंचेचाळीस किलोच्या पोराची जोड कोणी नव्वद किलोच्या पैलवानाशी लावत नाही. बैलांच्या शर्यतीतही दात पाहून आदत, दुसा, चौसा असे गट पडतात. आदत वासरू कितीही चपळ असले तरी पुऱ्या वाढीच्या बैलापुढे त्याला उभे करण्यात न्याय नाही, हे सांगायला पंच लागत नाही.

स्त्री-पुरुषांच्या शर्यती वेगळ्या ठेवण्याचे कारणही तेच. दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या धावण्यात फारसा फरक नसतो. वयात येताना मुलाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचा हार्मोन भरपूर प्रमाणात तयार होऊ लागतो. त्याने स्नायू भरतात, हाडे लांब आणि जाड होतात, हृदय मोठे होते, रक्तातील हिमोग्लोबिन वाढते. स्त्रीच्या शरीरातही हा हार्मोन असतो, पण फार थोडा. स्त्रियांत एक लिटर रक्तात तो साधारण दोन नॅनोमोलच्या आत असतो, तर पुरुषांत साडेसातपासून तिसाच्या जवळपास. या दोहोंच्या मधली जागा जवळजवळ मोकळी असते.

याचा परिणाम पाहा. शंभर मीटरचा पुरुषांचा जागतिक विक्रम ९.५८ सेकंदांचा आहे. तो २००९ मध्ये उसेन बोल्टने केला. स्त्रियांचा विक्रम १०.४९ सेकंदांचा, १९८८ मधला, फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनरचा. वरच्या पातळीवरच्या धावण्यात हा फरक साधारण दहा ते बारा टक्के पडतो. गट एकच ठेवला तर अंतिम फेरीत एकही स्त्री दिसणार नाही. म्हणून स्त्रियांचा गट ही कोणी दिलेली सवलत नाही. तो त्यांचा हक्क आहे, आणि त्याचे कुंपण राखलेच पाहिजे. अडचण एवढीच की कुंपण नेमके कोठे घालायचे, हे निसर्गाने आखून दिलेले नाही.

मुलगा की मुलगी, हे कसे ठरते?

आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. त्यांतली एक जोडी लिंग ठरवते. आईकडून नेहमी 'एक्स' गुणसूत्र येते. बापाकडून एक्स आले तर मुलगी, 'वाय' आले तर मुलगा. (मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.) वाय गुणसूत्रावर 'एसआरवाय' नावाचे एक छोटे जनुक असते. शास्त्रज्ञांनी ते १९९० मध्ये शोधून काढले. गर्भ सहा-सात आठवड्यांचा झाला की हे जनुक जागे होते आणि त्याच्या हुकमाने पोटात वृषणाच्या ग्रंथी तयार होऊ लागतात. पुढे त्या ग्रंथी टेस्टोस्टेरॉन सोडतात आणि त्या हार्मोनला प्रतिसाद देत शरीर मुलाचे घडते.

म्हणजे हे काम एका झटक्यात होत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी होते. आधी जनुक, मग ग्रंथी, मग हार्मोन आणि शेवटी त्या हार्मोनला शरीराने दिलेला प्रतिसाद. यांतल्या कोणत्याही पायरीवर काही वेगळे घडू शकते. काही मुलींच्या पेशींत वाय गुणसूत्र असते, पोटात ग्रंथीही असतात, हार्मोनही तयार होतो, पण शरीर त्याला प्रतिसादच देत नाही. अशी मुलगी दिसायला, वागायला पूर्ण स्त्री असते. फक्त तिला गर्भाशय नसतो आणि पाळी येत नाही. दुसऱ्या काही जणी जन्मतः मुलीसारख्या दिसतात, पण वयात येताना त्यांच्या शरीरात पुरुषासारखा बदल होऊ लागतो. जन्माच्या वेळी हे सुईणीला तर नाहीच, पण शहरातल्या डॉक्टरलाही बहुधा ओळखू येत नाही.

शेतकऱ्याला यात नवल वाटायचे कारण नाही. पपईची बाग लावणाऱ्याला विचारा. नर आणि मादी झाडांखेरीज एकाच फुलात दोन्ही अंगे असलेली उभयलिंगी झाडेही असतात, आणि फुलावर आल्याखेरीज कोणते झाड कोणते ते डोळ्यांना कळत नाही. गायीला जुळे झाले आणि त्यांत एक गोऱ्हा व एक कालवड असली, तर दहांतल्या नऊंहून अधिक कालवडी पुढे गाभण राहत नाहीत. गर्भात दोघांच्या वारेतील रक्तवाहिन्या जोडल्या जातात, गोऱ्ह्याचे हार्मोन कालवडीच्या अंगात उतरतात आणि तिचे गर्भाशय नीट वाढत नाही. बाहेरून पाहाल तर ती चांगली कालवडच. माणसाची बरोबरी जनावराशी करायची नाही. मुद्दा एवढाच की निसर्ग बहुतेक वेळा दोनच सरळ तासांत पेरतो, पण क्वचित एखादे बी तासाच्या मधेही पडते. त्यात त्या बियाचा दोष नसतो.

तपासणीचे उलटसुलट

आता खेळाच्या अधिकाऱ्यांनी काय काय केले ते पाहा. १९६६ मध्ये बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत स्त्री खेळाडूंना डॉक्टरांपुढे विवस्त्र उभे करण्यात आले. पोलंडची धावपटू एवा क्लोबुकोव्स्का त्या तपासणीत स्त्री ठरली. दुसऱ्याच वर्षी पेशींची नवी तपासणी आली आणि तीच एवा अपात्र ठरली. मुलगी तीच, शरीर तेच. फक्त तपासणी बदलली. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून गालाच्या आतून पेशी काढून गुणसूत्रे पाहण्याची पद्धत रूढ झाली.

स्पेनची मारिया होजे मार्टिनेझ पातिन्यो ही अडथळ्यांच्या शर्यतीत धावणारी. १९८३ मध्ये तिला स्त्री असल्याचा दाखला मिळाला होता. १९८५ मध्ये जपानमधील कोबे येथे जाताना तो दाखला घरी राहिला. पुन्हा तपासणी झाली आणि पेशींत वाय गुणसूत्र निघाले. तिला सांगण्यात आले की पाय दुखावल्याचे सोंग कर आणि गप्प बस. पुढच्या वर्षी स्वदेशी स्पर्धेच्या वेळीही तोच निरोप आला. ती मात्र धावली आणि जिंकली. मग बातमी फुटली. शिष्यवृत्ती गेली, विक्रम खोडले गेले, ठरलेले लग्न मोडले. वास्तविक तिचे शरीर टेस्टोस्टेरॉनला प्रतिसादच न देणारे. म्हणजे इतर स्त्रियांना त्या हार्मोनचा जेवढा थोडा लाभ मिळतो, तेवढाही तिला नव्हता. तिने भांडून १९८८ मध्ये धावण्याचा परवाना परत मिळवला, पण उमेदीची वर्षे कोण परत देणार?

१९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी ३,३८७ स्त्री खेळाडूंची तपासणी झाली. त्यांतल्या आठ जणींत एसआरवाय जनुक सापडले. पुढची तपासणी करून आठही जणींना खेळू देण्यात आले. या तपासणीने लबाड सापडत नाहीत, निरपराध मुली मात्र सापडतात, असे अनेक डॉक्टर सांगत होते. शेवटी १९९९ मध्ये ऑलिंपिक समितीने सरसकट तपासणी बंद केली.

हार्मोनचे माप

प्रश्न मात्र संपला नाही. २००९ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेतील एका खेड्यातली कॅस्टर सेमेन्या ही अठरा वर्षांची मुलगी आठशे मीटर १ मिनिट ५५.४५ सेकंदांत धावली. अंतिम शर्यतीच्या दिवशीच तिच्या स्त्रीत्वाविषयी शंका असल्याची बातमी जगभर झाली. अकरा महिने तिला शर्यतीबाहेर बसावे लागले. पुढे २०११ मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने नियम केला की स्त्री गटात धावायचे तर टेस्टोस्टेरॉन लिटरमागे १० नॅनोमोलच्या आत हवे. सेमेन्याने ते कमी करण्यासाठी गोळ्या घेतल्या. त्या गोळ्यांनी प्रकृतीला त्रास झाला, असे तिने नंतर सांगितले.

याच नियमाने २०१४ मध्ये ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातील विणकराची मुलगी द्युती चंद हिला राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळण्यात आले. अठरा वर्षांच्या द्युतीने शस्त्रक्रिया आणि औषध दोन्ही नाकारले आणि स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाकडे दाद मागितली. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने तिला पाठबळ दिले. जुलै २०१५ मध्ये लवादाने सांगितले की या हार्मोनने नेमका किती लाभ होतो याचा पुरेसा पुरावा नाही. नियम स्थगित झाला. द्युती २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये धावली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने दोन रौप्यपदके मिळवली. (पुढे २०२३ मध्ये निषिद्ध औषधांच्या चाचणीवरून तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. तो सर्वस्वी वेगळा विषय आहे, त्याची येथे गल्लत करू नये.)

२०१८ मध्ये नवा नियम आला. चारशे मीटरपासून एका मैलापर्यंतच्या शर्यतींना तो लागू होता आणि माप ५ नॅनोमोलवर आणले होते. सेमेन्याने त्याविरुद्ध दाद मागितली. १ मे २०१९ रोजी लवादाने दोन विरुद्ध एक मताने निकाल दिला की नियम भेदभाव करणारा आहे, पण स्त्रियांचा गट राखण्यासाठी तो आवश्यक आहे. २०२३ मध्ये हे माप अडीचवर आले आणि सर्वच शर्यतींना लागू झाले. सेमेन्याचा खटला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०२५ मध्ये त्या न्यायालयाने सांगितले की स्वित्झर्लंडच्या न्यायालयात तिच्या तक्रारीची हवी तेवढी छाननी झाली नाही. नियम बरोबर की चूक, यावर मात्र त्याने निर्णय दिला नाही.

दोन्ही अंगांनी पाहा

येथे शेजारच्या पट्ट्यात धावणाऱ्या मुलीचेही ऐकले पाहिजे. २०१६ च्या ऑलिंपिकमधील आठशे मीटर शर्यतीत पहिल्या तिघींना पुढे २०१९ साली हा नियम लागू झाला. त्या शर्यतीत चौथी आली कॅनडाची मेलिसा बिशप. आपल्या देशाचा विक्रम मोडूनही तिला पदक मिळाले नाही. तिनेही वर्षानुवर्षे घाम गाळला होता. वयात येताना ज्या शरीराला पुरुषी बळ मिळाले, त्याच्याशी आम्ही किती झुंजायचे, हा अशा मुलींचा प्रश्न खोटा नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की उंची, लांब पाय, मोठी फुप्फुसे हीही जन्माचीच देणगी. ती चालते, मग हीच का नको? शिवाय पुरावाही वाटतो तितका पक्का नाही. ज्या अभ्यासाचा २०१८ च्या नियमाला मोठा आधार होता, त्याच्याच लेखकांनी २०२१ मध्ये दुरुस्ती छापून कबूल केले की त्यावरून कार्यकारणाचा निष्कर्ष काढणे दिशाभूल करणारे ठरू शकते.

आणि या ओढाताणीत भरडले कोण जाते? २०१३ मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी अठरा ते एकवीस वर्षांच्या चार खेळाडू मुलींची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात दिली. चौघीही गरीब देशांच्या खेड्यापाड्यांतल्या, डोंगराळ भागांतल्या. स्पर्धेत टिकायचे म्हणून शस्त्रक्रिया करून त्यांच्या शरीरातील ग्रंथी काढण्यात आल्या. त्या ग्रंथी तशाच ठेवल्याने प्रकृतीला धोका नव्हता, असे त्या डॉक्टरांनीच लिहिले आहे. शर्यतीच्या नियमापायी निरोगी शरीरावर सुरी चालवणे, हा न्याय म्हणता येणार नाही.

आजचा नियम

१ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने पुन्हा जनुकाची तपासणी आणली आहे. जागतिक क्रमवारीत धरल्या जाणाऱ्या स्पर्धांत स्त्री गटात धावायचे असेल, तर आयुष्यात एकदा गालाच्या आतल्या पेशी किंवा रक्त देऊन एसआरवाय जनुक आहे की नाही ते पाहिले जाते. जनुक नसेल तर प्रश्न मिटला. असेल तर पुढची वैद्यकीय तपासणी होते. पातिन्योप्रमाणे ज्यांचे शरीर टेस्टोस्टेरॉनला अजिबात प्रतिसाद देत नाही, त्यांना धावता येते. हे जनुक शोधणाऱ्यांपैकी अँड्र्यू सिंक्लेअर या शास्त्रज्ञानेच आक्षेप घेतला आहे. जनुक आहे एवढेच या तपासणीने कळते. त्याने काम केले का, हार्मोन तयार झाला का, शरीराने तो वापरला का, यातले काहीच कळत नाही, असे त्याचे म्हणणे. पुरुष म्हणून वाढून नंतर स्त्री झालेल्या खेळाडूंचा प्रश्न याहून निराळा आहे. पुरुषाचे वयात येणे ज्यांनी अनुभवले, अशांना याच संघटनेने मार्च २०२३ मध्ये स्त्री गटातून वगळले.

आमच्या मते स्त्रियांचा गट राखायचा तर कोठेतरी रेघ ओढावीच लागेल. पण ती रेघ शर्यतीपुरती आहे, हे ओढणाऱ्याने आणि पाहणाऱ्याने विसरता कामा नये. 'या गटात तुला धावता येणार नाही' असे म्हणणे वेगळे आणि 'तू बाईच नाहीस' असे म्हणणे वेगळे. पहिला निर्णय पंचांचा. दुसरे बोलण्याचा अधिकार कोणालाच नाही. नियम आधी माहीत असावा, तपासणी गुप्त राहावी, मुलीला तिच्या भाषेत समजावून सांगावे आणि तिच्या पोटापाण्याची वाट बंद होऊ नये. एवढे पाळले असते तर शांतीवर जीव द्यायची पाळी आली नसती.

घरी काय करावे?

आईने मुलीच्या वयात येण्याकडे लक्ष द्यावे. पंधरा-सोळा वर्षांची झाली तरी पाळी आली नसेल, तर नवससायास करत न बसता तिला स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरकडे न्यावे. घाबरू नये. खूप पळणाऱ्या मुलींत कित्येकदा कारण साधेच असते. कष्ट फार आणि खाणे कमी. अशा मुलीला भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे, अंडी पोटभर मिळाली पाहिजेत. कारण वेगळे निघाले तरी ते वेळेवर आणि घरच्यांच्या सोबतीने कळलेले केव्हाही चांगले. भर स्पर्धेत, परक्या देशात ते कळणे फार जड जाते.

मुलीचे रक्त किंवा पेशी तपासायला मागितल्या, तर तपासणी कसली, कशासाठी, निकाल कोणाला कळणार, हे वडिलांनी आधी विचारावे. समजल्याखेरीज कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. कोणी शस्त्रक्रिया सुचवली तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्यावाचून हो म्हणू नये. शाळेतील गुरुजींनी आणि बाईंनीही ध्यानात ठेवावे की आवाज जाड आहे, अंगकाठी मुलासारखी आहे, यावरून काहीच ठरत नाही. शेतात राबणाऱ्या मुलीचे खांदे रुंद असायचेच. तिला टोपणनावे ठेवणाऱ्यांना तिथल्या तिथे गप्प करावे.

शांतीचे पुढे काय झाले, हे तुम्हाला जाणून घ्यावेसे वाटत असेल. तमिळनाडू सरकारने तिला पंधरा लाख रुपये बक्षीस दिले होते. त्यातून तिने गावाकडच्या मुलांना धावण्याचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. मधल्या काळात पुन्हा वीटभट्टीवर मजुरी करण्याची वेळ आली. तरी खचून न जाता तिने प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि २०१६ मध्ये तमिळनाडूच्या क्रीडा प्राधिकरणात तिला प्रशिक्षकाची कायम नोकरी मिळाली. पदक मात्र अजून परत मिळालेले नाही.